राखाडीतला जांभळा

११ जानेवारी

दुकानदार आज पुन्हा म्हणाला, "साहेब, माल येत नाही." गेल्या वर्षभरात मी त्याच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलेलं नाही. जे कारखाने चांगले फिल्टर करायचे त्यातला एक बंद पडला आणि दुसरा ऑर्डर घेऊन गप्प बसतो. तिसऱ्याचा माल मागवला तर वाटेतच ओरखडे पडून येतो. वर हा दुकानदार सल्ला देतो, "कॉम्प्युटरवर करा की. हल्ली फिल्टर वापरतो कोण?"

मी वापरतो. फोटोत आभाळ जमिनीपेक्षा नेहमी उजळ येतं. जमीन सांभाळावी तर आभाळ पांढरंफटक होतं, आणि जे पांढरंफटक झालं त्यातून कॉम्प्युटर काय काढणार, कप्पाळ? म्हणून लेन्ससमोर ही पट्टी धरायची. ती वरून गडद असते आणि खाली येता येता पूर्ण पारदर्शक होते. तिच्यामुळे आभाळ आवरतं. तिच्याकडून मागणी एकच, गडद भाग निव्वळ राखाडी हवा. पट्टीनं उजेड कमी करावा, रंगाला हात लावू नये. आज त्यानं गळ्यात मारलेली पट्टी लावून गच्चीवरून फोटो काढला, तर आभाळ कुणीतरी बुकलून काढल्यासारखं काळंनिळं आलं.

चिडूनच दादाकडे जेवायला गेलो. वहिनींनी पट्टी हातात घेऊन नख मारून पाहिलं. "हे तर चष्म्याच्या काचेचं प्लास्टिक. वरून गडद, खाली फिक्या अशा गॉगलच्या काचा आम्ही रोज करायचो. भाऊजी, एवढ्यासाठी तुम्ही जगभर चौकशा करत होतात? घरात विचारायचं होतंत!"

चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात काचा रंगवण्याचा विभाग वहिनींनी वीस वर्षं चालवला. कारखाना बंद झाल्यापासून त्या घरीच असतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग मी विचारलं का नाही? याचं उत्तर मला सापडत नाही आणि ते शोधायला मी फारसा उत्सुकही नाही.

२ फेब्रुवारी

दादाच्या मागच्या खोलीत सुरुवात झाली. स्टीलच्या टाकीत गरम पाणी, पाण्यात रंग आणि वर कप्पीला दोरी. पारदर्शक पट्टी टांगून अर्धी रंगात सोडायची. मग वहिनी दोरी इतक्या सावकाश वर-खाली करतात, की रंग नेमका कुठे संपतो ते दिसतच नाही. हात क्षणभर थांबला तर पट्टीवर रेघ उमटते. तेवढा वेळ दादानंही हाक मारायची नाही, असा हुकूम आहे.

तपासायचं काम माझं. पट्टी खिडकीतल्या पांढऱ्या आभाळासमोर धरतो. डावा डोळा कॅमेऱ्याच्या सवयीनं आपोआप मिटतो.

पहिली पट्टी पिवळट वाटली. "थोडा निळा वाढवा."

वहिनी म्हणाल्या, "मला तर चोख राखाडी दिसतोय. अजून निळा टाकला तर जांभळा मारेल."

"वहिनी, गॉगल वेगळे आणि हे वेगळं. डोळे माझे, रंग तुमचा. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय बाई," म्हणत त्यांनी निळा टाकला. पुढची पट्टी मला राखाडी दिसली. 'पास'ची चिठ्ठी चिकटवली.

तुटकपणे बोललो का? बोललो. पण दर्जाच्या कामात भिडस्तपणा आला की त्या दुकानदाराकडच्या मालासारखा माल तयार होतो.

१९ फेब्रुवारी

पट्ट्या सलग तीन दिवस टेकडीवरून सूर्यास्ताला वापरून पाहिल्या. कुठे रेघ नाही, डाग नाही. आभाळ किंचित जांभळसर आलं, पण ते संध्याकाळचं आभाळ, तेवढं जांभळं असायचंच.

आमच्या फोटोग्राफी क्लबात दाखवल्या तेव्हा गर्दी उसळली. पक्ष्यांचे फोटो काढणारा आमचा पक्षीवाला, ज्याला आभाळाशी काही देणंघेणं नाही, त्यानंही एक मागितली. चष्मेवाला तर पट्टीवरून बोट फिरवत बसला. त्याचा स्वतःचा चष्म्याच्या काचांचा कारखाना आहे. "ही ओढ कोणाच्या हाताची? आमच्याकडे रंगाचा विभाग सुरू करतोय, त्यांना विचाराल का?" वहिनींना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, फक्त पदर खोचून पुन्हा टाकीकडे वळल्या. खूश झाल्या की त्या अशाच करतात.

एक गंमत. माझ्या वयाच्या सगळ्यांना चाळिशी लागली, माझी मात्र सुटली! चिठ्ठ्यांवरचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय लख्ख वाचता येतं. वहिनी आज पुन्हा म्हणाल्या, "ही बॅच जांभळी आहे हो भाऊजी." मी चिठ्ठी लावता लावता म्हणालो, "तुम्हीच आता चाळिशी बदला."

८ मार्च

संध्याकाळी गाडी चालवणं म्हणजे शिक्षा झाली आहे. समोरून येणारा प्रत्येक जण असले दिवे लावतो की नुसती काटेरी फुलं दिसतात. आज एकाला थांबवून चांगलं सुनावलं. ही शेजारी बसली होती. म्हणाली, "दिवे साधेच होते त्याचे. तुझं सध्या सगळ्यांशीच भांडण आहे."

घरी पोचतो तोच क्लबातल्या भूगोलाच्या मास्तरांचा फोन. शिकवणीतून वर्षात एकदा सुट्टी मिळते तेव्हा हे गृहस्थ एकटे डोंगरात जातात. यंदा गोठलेल्या तळ्यापाशी गेले होते, आमची पट्टी घेऊन.

"अहो, सगळं आभाळ जांभळं आलंय. बर्फसुद्धा वरच्या बाजूनं जांभळा."

"कॅमेऱ्याची सेटिंग पाहिलीत का?"

"मी तीस वर्षं फोटो काढतोय."

"तीस वर्षं तीच चूक करणारे लोक असतात."

त्यांनी फोन ठेवला. ते वाक्य मी बोलायला नको होतं. पण माल तपासून पाठवलेला आहे, एकेक पट्टी मी डोळ्यांखालून घातली आहे, आणि त्यावर कोणीही उठून बोलणार असेल तर तपासायचं तरी कशाला?

१५ मार्च

मास्तरांपाठोपाठ आणखी तक्रारी आल्या. मी पक्षपाती होऊ नये म्हणून भर दुपारी, पांढऱ्या ढगांखाली, स्वतः फोटो काढला.

जांभळं. ढळढळीत.

पट्टी पुन्हा खिडकीसमोर धरली. राखाडी. चार वेळा पाहिली, चारही वेळा राखाडी.

म्हणजे डोळ्याला न दिसणारं काहीतरी कॅमेऱ्याला दिसतंय. ही गोष्ट वाचलेली आहे. हलक्या प्रतीच्या रंगातून अदृश्य उजेड निसटतो आणि कॅमेरा तो पकडतो. आमचा पहिला रंग उत्तम होता, तेव्हा मध्येच रंग बदललेला असणार. तसाच मागच्या खोलीत गेलो. फळीवर डबा नवा!

"हा कुठला?"

"जुन्या व्यापाऱ्यानं दुकान बंद केलं. रंग तोच, फक्त दुकान दुसरं. सांगितलं होतं तुम्हाला."

"मला आठवत नाही."

"तुम्ही चिठ्ठ्या लावत होतात."

"वहिनी, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला असेल तर तसं सांगा. मी समजून घेईन."

त्यांनी दोरी सोडली. पट्टी टाकीत बुडाली. "भाऊजी, पट्टी जांभळी आहे. डोळ्याला जांभळी आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"मला राखाडी दिसतेय."

"मग मी खोटं बोलतेय?"

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही' असंही म्हणालो नाही. घरी आल्यावर फरक कळला, पण तोवर राग इतका चढला होता की फरक मला सोयीचा वाटला.

२२ मार्च

क्लबाची मासिक बैठक. मास्तर फोटो छापून घेऊन आले होते. हातोहात फिरवले. तळं सुंदर होतं, आणि त्यावर ते आभाळ. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी उभा राहून म्हणालो, "तपासणीत दोष नाही. आमच्याकडे रंग देणाऱ्या व्यक्तीनं मला न विचारता रंग बदलला. मी चौकशी करतोय."

मी नाव घेतलं नाही. हे मी स्वतःला घरी येईपर्यंत बजावत होतो. पण रंग देणारी व्यक्ती एकच आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं? चष्मेवाल्यानं मान हलवली आणि खिशातून फोन काढला. ते मी पाहिलं.

वाक्य खोटं नव्हतं. डबा नवा होताच. तरी जेवण गेलं नाही.

२४ मार्च

सकाळी दादा दारात. गाडीतून टाकी, कप्पी, दोरी, रंगाचे डबे एकेक करून उतरवले. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू दे."

"दादा, मी नाव घेतलं नव्हतं."

"चष्मेवाल्यानं फोन केला काल. तिला बोलावलं होतं ना विभाग सांभाळायला? म्हणाला, सध्या नको. कारण विचारलं तर तुझ्याकडे बोट दाखवलं." शेवटचा डबा त्यानं पायरीवर ठेवला, आदळला नाही. आदळला असता तर बरं झालं असतं. "वीस वर्षांत तिची एक काच परत आली नव्हती, माहितीये? आणि तिनं निरोप दिलाय. म्हणाली, भाऊजींना सांगा, आता डोळेही त्यांचे आणि रंगही त्यांचाच."

मला राग आला. गुन्हेगार मीच असल्यासारखं का बोलताहेत सगळे? शुद्ध रंग आणतो, स्वतः पट्ट्या काढतो आणि क्लबात मांडतो. मग बोला म्हणावं.

३ एप्रिल

ओळखीच्या प्रयोगशाळेतून खात्रीचा रंग आणला. पिवळट वाटला म्हणून थोडा निळा मीच वाढवला. गाडी लावायच्या शेडमध्ये टाकी मांडली. पहिल्याच पट्टीवर पायऱ्यांसारख्या रेघा. दुसरी तिरकी. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यानं हाक मारली, मी वळून पाहिलं आणि पट्टी मधोमध चिरल्यासारखी दिसू लागली. ही डोकावून म्हणाली, "वहिनींचा हात सोपा दिसायचा, नाही?" मी चौथी पट्टी टांगली.

५ एप्रिल

आज एक पट्टी जमली. बिनरेघेची. वाफेनं घामाघूम झालो होतो. पट्टी धुऊन खिडकीशी नेली आणि कपाळावरचा घाम साबणाच्या हातानं पुसला. साबण उजव्या डोळ्यात गेला. तो गच्च मिटला म्हणून डावा उघडला.

पट्टी जांभळी होती.

वाटलं साबणामुळे. डोळा धुतला, टॉवेलनं टिपला, थोडं थांबलो. उजव्यानं पाहिलं. राखाडी. डाव्यानं पाहिलं. जांभळी. खिडकीची चौकट पाहिली. डाव्यानं पांढरी, उजव्यानं जुन्या कागदासारखी. हिची ओढणी वाळत होती ती पाहिली. उजव्यानं काळी. डाव्या डोळ्यानं ती गर्द निळी आहे.

खोक्यातून परत आलेल्या सगळ्या पट्ट्या काढून डाव्या डोळ्यानं पाहिल्या. प्रत्येकीवर माझी चिठ्ठी.

७ एप्रिल

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. या वयात कमी, पण होतो. आतलं भिंग पिवळं पडलंय, त्यामुळे निळा नीट पोचत नाही. "दिव्यांभोवती काटे दिसायचे का? आणि जवळचं बिनचष्म्याचं वाचता येऊ लागलं होतं?" मी हो म्हणालो. "लोकांना वाटतं नजर सुधारली," ते हसून म्हणाले. त्यांच्या हसण्याचाही राग आला. "दुसरा डोळा सांभाळून घेत होता. एकट्या उजव्यानं बघायचं काम रोजच्या आयुष्यात पडतं कोणाला?"

मला पडतं. फोटोग्राफरला पडतं.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डोळ्याचं होईल काहीतरी. पण वाटेत एक विचार आला आणि तो आल्याची लाज वाटते: वहिनींनी ठणकावून का नाही सांगितलं? त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, मग बॅचच्या वेळी, मग दोरी सोडून. याहून ठणकावून म्हणजे काय, पट्टी डोक्यात घालायला हवी होती?

८ एप्रिल

दादाच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डोळा, भिंग, ओढणी. त्या ऐकत होत्या. डोळ्याचं ऐकून चेहरा क्षणभर मऊ झाला. "दुखतं का?" एवढंच विचारलं.

"नाही. वहिनी, माझी चूक झाली. मला माफ करा."

"हे मला इथे कशाला सांगताय?" आवाज एकदम चढला. आतून दादा आला, त्यांनी हातानंच त्याला मागे सारलं. "इथे तुम्ही मला खोटी म्हणालात तेव्हा ऐकणारी मी एकटी होते, ते मी गिळलं असतं. पण तिथे सगळ्यांसमोर म्हणालात. मी तिथे नसताना! आणि आता माझ्या पायरीवर येऊन हळू आवाजात माफी? जिथे उभं राहून बोललात तिथे उभं राहून बोला."

"क्लबाच्या ग्रुपवर आजच लिहितो."

"लिहू नका. उभं राहा."

दार लागलं. परतताना मला त्यांचा राग आला, मग त्या रागाचा राग आला. माणूस डोळ्यानं अधू झालाय, थोडी तरी दया? नंतर लक्षात आलं, दया मागायलाच मी आधी डोळा सांगितला आणि माफी नंतर मागितली. क्रम उलटा हवा होता.

१९ एप्रिल

उद्या बैठक. काय बोलायचं ते चारदा ठरवलं. मोतीबिंदू सांगितला की सगळे हळहळणार, ऑपरेशन कुठे करताय विचारणार, डॉक्टर सुचवणार. वहिनींचं राहूनच जाणार. आणि खरं सांगायचं तर ते राहून गेलेलं मला चालेल, म्हणूनच मोतीबिंदू सांगण्याची इतकी इच्छा होतेय. डोळा आजारी पडला ती माझी चूक नाही. पण समोर उभं राहून एक जाणती बाई सांगत होती ते ऐकलं नाही, त्यात डोळ्याचा काय संबंध?

पण मग न सांगणं म्हणजे लपवणं होत नाही का?

२० एप्रिल

वहिनी आल्या होत्या. दादासोबत, मधल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. चष्मेवाला त्यांच्या मागेच.

मी उभा राहिलो. "मागच्या बैठकीत मी म्हणालो की रंग देणाऱ्या व्यक्तीनं न विचारता रंग बदलला. ती व्यक्ती माझ्या वहिनी, इथे बसल्या आहेत. त्यांनी रंग बदलला नाही. राखाडी रंग त्यांनी पहिल्याच दिवशी अचूक तयार केला होता. त्यात निळा मी वाढवायला लावला. पट्टी जांभळी होतेय असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी ऐकलं नाही, आणि दोष त्यांच्यावर ढकलला. विकलेली प्रत्येक पट्टी मी बदलून देईन. मास्तर, तुमचं तळं मला परत देता येणार नाही. त्या दिवशी फोनवर जे बोललो ते नीच होतं."

मग पक्षीवाल्यानं विचारलं, "पण तुम्ही तर एकेक पट्टी तपासत होतात ना? मग जांभळं दिसलं कसं नाही?"

उत्तर जिभेवर होतं. एक शब्द आणि खोली माझ्या बाजूला आली असती.

"सांगणारं माणूस समोर होतं," मी म्हणालो. "ऐकलं असतं तर दिसलं असतं."

"म्हणजे डोळे मिटून पास करत होता!" तो म्हणाला आणि हशा उसळला. मास्तर हसले नाहीत, पण माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हसले असते तर परवडलं असतं. दादानं वहिनींकडे पाहिलं. त्यांना डोळ्याचं माहीत होतं, त्या बोलू शकत होत्या. त्या सरळ समोर बघत राहिल्या. बरोबरच होतं, पण मला राग आला.

बैठक संपल्यावर चष्मेवाला त्यांच्याशी बराच वेळ बोलला. वहिनींचं एवढंच ऐकू आलं, "सध्या नको, विचार करून सांगते. तुम्हीही तसंच म्हणाला होतात ना?"

बाहेर त्या माझ्यापाशी थांबल्या. "डोळ्याचं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर सगळे माझ्याकडे बघत बसले असते."

वहिनींनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उद्या सकाळी टाकी घेऊन या घरी."

"तपासायला..."

"तपासायला नाही. तपासणी माझी मी करेन, आणि ऑपरेशननंतरही मीच करेन. तुम्ही टाकी घासायला या. त्या शेडमध्ये काय करून ठेवलंय तिचं, देव जाणे."

२१ एप्रिल

टाकी घासली. रंग तळाला धरला आहे, निघत नाही. हात कोपरापर्यंत जांभळे झाले. वहिनी येऊन वाकून पाहून गेल्या.

"झाली," मी म्हणालो.

"नाही झाली," म्हणाल्या.

पुन्हा घासायला घेतली.